पावलं आधी, बाकीचं नंतर: इंद्रायणीच्या खोऱ्यात एकत्र चालताना

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना सारखे येणारे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन घालून आत्ता कुठे चालत असाल तर उत्तमच, कारण आजचा विषय चालण्याचाच आहे. फक्त रस्ता क्रॉस करताना एक कान मोकळा ठेवा.

मध्यंतरी एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. तो म्हणाला, “दादा, आमच्या ऑफिसमधले दहा-बारा जण यंदा वारीत आळंदी ते पुणे हा एक टप्पा चालणार आहेत. मलाही जावंसं वाटतंय. पण माझा देवावर विश्वास नाही. मी गेलो तर ते ढोंग होईल का?”

हा प्रश्न मला आवडला, कारण त्यात प्रामाणिकपणा आहे. बरेच जण फोटोपुरते जाऊन येतात आणि त्यांना असलं काही विचारावंसंही वाटत नाही. याला तो त्रास होतोय. मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, म्हटलं यावर एक पूर्ण भाग करू. तर आज मी तुम्हाला उत्तराकडे जरा लांबच्या वाटेने नेणार आहे. ती वाट इंद्रायणीच्या खोऱ्यातून जाते.

एकच नदी

पुणे-लोणावळा लोकलने गेलेल्यांनी ही नदी खिडकीतून पाहिलेली असेल. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला ती उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाते. मळवलीला उतरलात की नदीच्या एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या अंगाला भाज्याची. थोडं पुढे कामशेतच्या दक्षिणेला बेडसे. मग तळेगावच्या पुढे भंडारा डोंगर, जिथे तुकाराम महाराज चिंतनाला बसायचे. मग देहू. मग आळंदी. पुढे तुळापूरला ती भीमेला मिळते. आणि ही भीमा पंढरपूरला पोचते तेव्हा आपण तिला चंद्रभागा म्हणतो.

म्हणजे बघा, दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू ज्या नदीच्या खोऱ्यात राहिले, तिचंच पाणी देहू-आळंदीवरून पंढरपूरच्या वाळवंटाकडे जातं. हे मला नकाशावर पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी झूम इन, झूम आउट करत बराच वेळ बसलो होतो. शाळेत आपल्याला लेणी इतिहासाच्या पुस्तकात भेटली आणि संत मराठीच्या पुस्तकात, त्यामुळे ही दोन्ही माणसं एकाच खोऱ्यातली शेजारी आहेत हे कधी लक्षातच येत नाही.

आम्ही काही मित्रमैत्रिणी दोन-तीन महिन्यांतून एकदा या खोऱ्यात चालायला जातो. आठ ते अकरा जण, त्याहून जास्त नाही. सकाळच्या लोकलने मळवली. स्टेशनवरून भाज्याकडे निघालं की एक्सप्रेसवेवरच्या पुलावरून जावं लागतं. खाली गाड्या सुसाट मुंबईकडे जात असतात. घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जायची वाट प्राचीन काळीही याच पट्ट्यातून होती, आणि व्यापाऱ्यांचे तांडे इथून जायचे म्हणूनच लेणीही इथे कोरली गेली. आपला एक्सप्रेसवे हा त्या वाटेचा सगळ्यात ताजा व्हर्जन आहे, असं म्हणायला हरकत नाही.

चालण्यासाठी कोरलेलं घर

भाज्याची लेणी साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. बावीस लेणी आहेत. त्यातलं चैत्यगृह बघितलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे की आत मूर्ती नाही. एक स्तूप आहे, आणि दोन्ही बाजूंनी आठ कोनी खांबांची रांग, जी स्तूपामागून वळसा घेऊन येते. खांब किंचित आत कललेले. का? तर आधी अशी बांधकामं लाकडात व्हायची, आणि लाकडी खांब तसे कलते ठेवत. दगडात त्याची काही गरज नव्हती, तरी कोरणाऱ्यांनी सवय सोडली नाही.

मागची भिंत अर्धगोल का, याचं कारण मला सगळ्यात जास्त आवडतं. तिथून माणसं चालणार आहेत म्हणून. स्तूपाला प्रदक्षिणा घालायची, तर वळणाला कोपरा कशाला हवा? खांब आणि भिंत यांच्यामध्ये जी अरुंद गल्ली राहते, ती प्रदक्षिणेची वाट. अख्खी वास्तू चालण्याच्या हिशोबाने कोरलेली आहे. आणि गल्ली अरुंद असल्यामुळे शेजारी-शेजारी चालता येत नाही, एकामागे एकच जावं लागतं. पुढचा थांबला की तुम्ही थांबायचं.

आम्ही तिथे तीन फेऱ्या घालतो. न बोलता. आमच्यात दोघं बौद्ध घरातले आहेत, एकीच्या घरी माळ आहे, दोघं-तिघं स्वतःला नास्तिक म्हणवतात, बाकीचे परीक्षेच्या वेळी देव आठवणारे. तीन फेऱ्यांमध्ये कोण काय मनात म्हणतं, हे कुणी कुणाला विचारत नाही. पण पायांचा आवाज एकच येतो. दगडाच्या त्या पोकळीत तो इतका स्पष्ट येतो की थोड्या वेळाने सगळ्यांची पावलं आपोआप एका ठेक्यात पडायला लागतात. कुणी ठरवलेलं नसतं.

पाऊस सुरू झाला की थांबायचं की निघायचं?

आता एक गंमत सांगतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आम्ही तिकडे जात नाही. एक तर गर्दी. मळवलीच्या प्लॅटफॉर्मपासून भाज्याच्या धबधब्यापर्यंत मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. पण दुसरं कारण भिक्खूंचं आहे. ते वर्षभर गावोगाव चालायचे, त्याला चारिका म्हणतात. मात्र पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे. हा वर्षावास. तो आषाढ पौर्णिमेनंतर सुरू होतो. विनयपिटकात याचं कारणही दिलंय: पावसात भिक्खू फिरतात, कोवळं हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. म्हणून नियम झाला.

म्हणजे चालणं हा त्यांचा धर्म होता, तरी पायाखाली काय येतंय हे बघून त्यांनी तो तीन महिने बाजूला ठेवला.

आणि वारकरी? ते बरोब्बर उलटे. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात आणि आषाढी एकादशीला पंढरपूर. साधारण अडीचशे किलोमीटर, भर पावसाच्या दिवसांत. एकादशीनंतर चारच दिवसांनी पौर्णिमा येते. त्या दिवशी गोपाळकाला होतो आणि पालख्या परत फिरतात. तोपर्यंत भिक्खूंचा वर्षावास सुरू व्हायची वेळ झालेली असते. एकाच पावसाला दोन परंपरांची दोन उत्तरं. मला वाटायचं हे एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहे. ते का नाही, हे आमच्याबरोबर आलेल्या काकूंनी समजावलं.

काकू म्हणजे आमच्यातल्या एका मैत्रिणीची आई. मावळातल्याच. वय साठीच्या पुढे, एक गुडघा दुखरा. माघात आम्ही गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, मी पण येते. मी त्यांना विचारलं, काकू, तुम्ही वारीला किती वेळा गेलात? त्या हसल्या. म्हणाल्या, “आषाढीला एकदाही नाही. आमच्याकडं आषाढात लावणी असते. गुडघाभर चिखलात उभं राहायचं सोडून कोण जाईल? देशावरची माणसं पेरून मोकळी होतात नि निघतात. आम्ही भात काढून झाला की कार्तिकात आळंदीला जायचो.”

हे मी कुठल्याही व्हिडिओत ऐकलं नव्हतं. चालायचं कधी हे रान ठरवतं. ज्याची पेरणी झाली तो निघतो, ज्याची लावणी राहिलीय तो थांबतो, आणि ज्याच्या पायाखाली दुसऱ्याचं पीक येणार आहे तोही थांबतो. तिघंही आधी जमिनीकडे बघतात. आपण काय बघतो? लाँग वीकेंड.

सगळ्यात हळू चालणारा पुढे

काकू आल्या म्हणून आम्ही एक बदल केला. त्यांना सगळ्यात पुढे ठेवलं. ट्रेकला साधारण उलटं असतं, फिट माणूस पुढे आणि दमलेले मागे फरपटत. मागचे टेकडीवर पोचतात तेव्हा पुढच्यांची विश्रांती संपलेली असते, ते लगेच उठतात, म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वात जास्त त्याला ती मिळतच नाही. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे पटकन कळेल: पाइपलाइनचा वेग तिच्यातल्या सगळ्यात संथ टप्प्याएवढाच असतो. बाकीचे कितीही जोरात पळाले तरी शेवटी वाटच बघतात.

काकू पुढे, आम्ही मागे. पहिला अर्धा तास जड गेला. पाय पळायला बघत होते. मग सैलावले. पायऱ्यांच्या कडेला काय उगवलंय ते दिसायला लागलं.

भाज्याला चैत्यगृहाच्या पुढे चौदा स्तूपांचा एक समूह आहे. काही आत, काही बाहेर, दाटीवाटीने. ही तिथे राहून गेलेल्या भिक्खूंची स्मारकं मानली जातात, काहींवर त्यांची नावं कोरलेली आहेत. मी एवढंच सांगितलं आणि गप्प बसलो. थोडा वेळ सगळे तिथे टेकले.

आमच्यातल्या एकाचे वडील सात महिन्यांपूर्वी गेले होते. (त्याला विचारूनच सांगतोय हे.) तेराव्यानंतर तो कामावर परत आला, मीटिंगला बसला, आम्ही सगळ्यांनी “सॉरी रे” म्हटलं आणि विषय संपला. संपला म्हणजे आम्ही संपवला. तो सात महिने त्याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. स्तूपांपाशीही काही बोलला नाही. पण उतरताना तो काकूंच्या बरोबर मागे होता. मधेच म्हणाला, “बाबांची स्कूटर अजून पार्किंगमध्येच आहे. दर रविवारी मी ती पाच मिनिटं चालू ठेवतो. विकायची का नाही, कळत नाही.”

काकूंनी मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाल्या, “कुठली स्कूटर?”

बस्स. मग खालच्या गावापर्यंत तो बोलत होता. स्कूटर कधी घेतली, बाबा पुढच्या पिशवीत काय काय आणायचे, पावसात ती कशी बंद पडायची. काकू मधूनमधून “हं” म्हणत होत्या. आम्ही मागे मुकाट चालत होतो.

हे माळ्यावरच्या कॅफेटेरियात का झालं नसतं, याचा मी बराच विचार केला. समोरासमोर बसलं की चेहरा सांभाळावा लागतो. दोन मिनिटांत कुणीतरी उपाय सुचवतं. फोन वाजतो. एकामागे एक चालताना चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. पुढच्याला पाय ठेवायची जागा बघायची असते, त्यामुळे तो सल्ला द्यायच्या घाईत नसतो. आणि वाट संपेपर्यंत वेळ असतो. वारीत दिवसचे दिवस हेच चालतं. टाळ, अभंग असतातच, पण दोन अभंगांच्या मध्ये माणसं शेजारच्याला घरचं सांगत असतात. बैल आजारी आहे, मुलीचं जमत नाही, भावाने बांध कोरला.

अध्यात्म हा शब्द मोठा आहे, मी तो जपून वापरतो. पण त्या उतारावर जे झालं त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

‘आपण सगळे’ म्हणजे कोण?

आता गोड गोड बोलणं थांबवतो. एकत्र चाललं की सगळे आपोआप समान होतात, असं नाही.

इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या. ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या त्यांच्या पुस्तकात त्यावर ‘वाटचाल’ नावाचा लेख आहे. जरूर वाचा, फोनवर तासाभरात होईल. त्यांना वारी मनापासून भावली, आणि तरीही त्यांनी नोंदवलं की एकाच दिंडीत एकत्र गाणारी, एकत्र चालणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसत होती. प्रेम करत करत दोष सांगणं कसं असतं, ते त्या लेखात शिकायला मिळतं.

चोखोबांची समाधी पंढरपूरला देवळाच्या बाहेर, महाद्वारासमोर आहे. ज्यांचे अभंग वारकरी गातात त्या चोखोबांच्या समाजाला आत जायला विसाव्या शतकाचा जवळजवळ मध्य उजाडावा लागला. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केलं, तेव्हा मंदिर खुलं झालं. म्हणजे वाट सगळ्यांना घेऊन आली, पण दार उघडायला वेगळी मेहनत लागली.

याच्या शेजारी कार्ल्याचं चैत्यगृह ठेवून बघा. दुपारी आम्ही तिथे जातो. सदतीस खांब, सुमारे पंचेचाळीस मीटर लांब, वरच्या लाकडी कमानी अजून शाबूत. खांबांवर आणि दारापाशी ब्राह्मी लिपीत नावं कोरलेली आहेत: कुणी काय दान केलं त्याची. त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत, अत्तराचा एक व्यापारी आहे, एक सुतार आहे. एकाने एक खांब, दुसऱ्याने दुसरा. वर्गणी काढून उभं राहिलेलं काम आहे हे. आणि याच लेण्याच्या तोंडाशी एकवीरा आईचं देऊळ आहे, जिथे चैत्रात कोळी-आगरी समाजाच्या पालख्या समुद्राकाठून चालत येतात. बौद्ध चैत्य आणि कोळ्यांची आई, मध्ये जेमतेम काही पावलं.

तेव्हा मी आमच्याच ग्रुपकडे बघितलं. अकरापैकी नऊ जण इंजिनिअर. सगळ्यांच्या बुटांची किंमत जवळपास सारखी. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला की तो आपल्यासारख्यांचाच निघतो, मुद्दाम काही न करता. म्हणून आता आमचा नियम आहे: दर वेळी प्रत्येकाने नाही, पण निदान दोघांनी असा माणूस आणायचा जो आपल्या ऑफिसातला, कॉलेजातला, सोसायटीतला नाही. काकू अशाच आल्या. एकदा सोसायटीच्या वॉचमनचा बारावीतला मुलगा आला, तो आमच्यापेक्षा जास्त झाडं ओळखत होता. आणि डबे एकत्र उघडायचे. हे साधं वाटतं, पण ‘वाटचाल’ वाचल्यावर ते तितकं साधं राहत नाही.

तर, ढोंग होईल का?

भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज एकटे जाऊन बसायचे. त्या डोंगरातही प्राचीन लेणी आहेत. एकांतासाठी ते तिथे गेले, पण तिथे राहिले नाहीत. खाली आले, कीर्तनात उभे राहिले, लोकांमध्ये. एकांत आणि संगत यांतलं एकच निवडा असं ही परंपरा सांगत नाही. चालताना तर दोन्ही एकदम मिळतात, गर्दीत असता आणि स्वतःजवळही.

आता त्या मित्राला उत्तर देतो.

तू आळंदीहून निघशील. पुण्यापर्यंत तीसेक किलोमीटर आहे, दहा-बारा किलोमीटरनंतर पोटऱ्या बोलायला लागतील. अशा वेळी कधीतरी एक सत्तरीचे आजोबा येतील, तुला “माऊली” म्हणतील आणि वाकून तुझ्या पायाला हात लावतील. तुझ्या. तू कोण, कुठला, काय मानतोस, हे न विचारता. वारीत हे होतंच.

त्या क्षणी तू काय करशील? तू त्यांना थांबवून सांगणार नाहीस की आजोबा, एक मिनिट, माझा विश्वास नाही. तू वाकशील. त्यांच्या पायाला हात लावशील. आणि तुझ्याही तोंडून “माऊली” निघेल. ते ढोंग असेल का? मला वाटतं, नाही. समोरच्या माणसापुढे वाकायला विश्व कुणी निर्माण केलं याचं उत्तर आधी माहीत असावं लागत नाही. त्या उत्तरासाठी तू आयुष्यभर वाट बघ, घाई नाही. पाय मात्र आत्ता आहेत.

ढोंग कधी होईल ते सांगतो. वाकलास आणि डोळा कॅमेऱ्याकडे गेला, तर. आजोबांना कंटेंट केलंस, तर. एवढं टाळलंस की तू बिनधास्त जा.

आणि वारी लांब असेल, तर तोवर एक छोटी चाल काढा. आमची पद्धत सांगतो, हवी तशी बदला. दहाच्या आसपास माणसं. जुनी वाट, लेणं, देवराई, नदीकाठ, जे तुमच्या तालुक्यात असेल ते. त्या जागेबद्दल एकाने आधी वाचून यायचं आणि पाच मिनिटांत सांगायचं, जास्त नाही. सर्वात हळू चालणारा पुढे. पहिला एक तास मौन, फोन फ्लाइट मोडवर, आणीबाणीसाठी एकाचाच चालू. लेण्यात स्पीकर नाही, भिंतींना हात नाही. शेवटी गोल करून बसायचं, ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं, आणि कुणीही कुणाला सल्ला द्यायचा नाही. हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यात अवघड जातो, अनुभवाने सांगतो.

तुमच्या भागात अशी कुठली जुनी वाट आहे, ते मला व्हॉइस नोटने कळवा. गावाचं नाव, वाट कुठून कुठे जाते आणि तिथून पूर्वी कोण चालायचं, एवढं सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलंत तर जास्त कळेल. पुढच्या एखाद्या भागात त्या सगळ्या वाटा एकत्र ऐकू.

चला, भेटू. हा भाग चालता चालता ऐकत असाल, तर आता इअरफोन काढा आणि उरलेलं अंतर तसंच चाला. राम कृष्ण हरी म्हणा, नमो बुद्धाय म्हणा, काहीच नाही म्हटलंत तरी चालेल.